जागा भरून घ्या

"चिमटा खाली ठेवा, आजोबा. आधी तो चिमटा खाली ठेवा."

मॅडम ओरडल्या नाहीत, तरी सगळी रांग थबकली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, लोखंडी चिमट्यात बिस्किटाच्या पुड्याचा कागद धरला होता आणि डाव्या हाताने ते खांद्यावरच्या पोत्याचं तोंड उघडत होते. या डोंगरावर दर रविवारी ते हेच करत आले आहेत. लोकांनी टाकलेला कचरा उचलायचा, पोत्यात टाकायचा, खाली आणून पालिकेच्या कुंडीत ओतायचा. हाताला लागलेली सवय. आज रविवार नाही, हे हाताला कोण सांगणार?

"हा कागद विमानातला असू शकतो," मॅडम म्हणाल्या. विमान अपघाताची चौकशी करणाऱ्या खात्याच्या त्या अधिकारी. वयाने तिशीच्या आसपास, डोळे चार रात्री न झोपल्यासारखे. "कुठली वस्तू कुठे पडली, त्यावरून विमान कसं फुटलं ते आम्हाला कळतं. काही दिसलं की थांबायचं, शिट्टी वाजवायची, शेजारी पिवळं निशाण रोवायचं. हात लावायचा नाही. कशालाच."

"चुकलं, मॅडम." बाबांनी कागद होता तिथे, होता तसाच ठेवला आणि शेजारी निशाण रोवलं.

"मॅडम, याला लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणी बोलवत नाही," कप्तानकाका म्हणाले. "जेवणाऱ्यांच्या पायाखालचे कागद उचलत फिरतो."

दोघं-तिघं हसले. मग एकदम आपापल्या पायांकडे बघायला लागले. आपण कुणाच्या देखत हसलो, ते सगळ्यांच्या एकाच वेळी लक्षात आलं होतं. मॅडमना सोडून सगळ्यांच्या.

विमान गुरुवारी दुपारी उडालं आणि डोंगर ओलांडता ओलांडता आकाशातच फुटलं. वरून हेलिकॉप्टर फिरलं, पण झुडपांखालचं आणि घळीतलं वरून दिसत नाही. मग खात्याने आमच्या गावच्या डोंगर मंडळाला बोलावलं. मंडळ म्हणजे काय, तर एक शिंपी, बँकेतला एक कारकून, दोन नर्सबाई, काही पेन्शनीतले, आणि या सगळ्यांचे कप्तान म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. रविवारी पहाटे डोंगर चढायचा आणि डबा खाऊन उतरायचा, एवढाच त्यांचा पराक्रम. पण कुठली पायवाट कुठल्या घळीत उतरते, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

खात्याची अट एकच होती. सकाळी पायथ्याशी मॅडमनी ती सर्वांना सांगितली होती. "ज्यांचं कुणी त्या विमानात होतं, त्यांनी कृपा करून रांगेत उभं राहू नये. त्यांच्यासाठीच हा नियम आहे."

कप्तानकाका बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. ती आधीच बांधलेली होती. बाबा समोर बघत उभे राहिले. ताईचं आडनाव लग्नानंतर सासरचं. प्रवाशांची यादी बघून कुणाला कळायचं काही कारण नव्हतं.

ताई म्हणजे माझी नणंद. बाबांची थोरली.

माझं तिथे काय काम? माझं बाळ सात महिन्यांचं आहे. रात्री त्याचा श्वास चालू आहे ना, हे बघायला मी त्याच्या नाकाखाली बोट धरते. कपाटांच्या कोपऱ्यांना मी फडकी बांधलेली आहेत. मी डोंगरावर जाणाऱ्यांतली नव्हे. पण माझा नवरा आणि ताईचे यजमान विमानतळाजवळ प्रवाशांच्या नातेवाइकांसाठी उघडलेल्या हॉलमध्ये बसून होते, आणि सकाळी बाबा पोतं-चिमटा घेऊन निघाले तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "तू जा त्यांच्याबरोबर. बाळाला मी बघते. त्यांना अडवू नकोस, नुसती शेजारी राहा." ताईचे डोंगरावरचे बूट आमच्याकडेच असायचे. मला ते मोठे होतात. दोन मोजे घालून मी ते चढवले आणि ताईच्या जागी, बाबांच्या उजव्या हाताला, उभी राहिले.

रांग पुन्हा चालायला लागली. दोघांमध्ये दोन हात लांबवल्याइतकं अंतर ठेवायचं. कप्तानकाकांची एक लांब शिट्टी झाली की पाऊल टाकायचं. कुणी थांबलं की सगळ्यांनी थांबायचं. शिट्ट्या सगळ्यांच्या सारख्याच, पत्र्याच्या, निळ्या दोरीत ओवलेल्या. मंडळ निघालं तेव्हा बाबांनीच त्या घाऊक आणल्या होत्या आणि स्वतः गाठी मारल्या होत्या. धुक्यात कुणी चुकलं तर वाजवायला.

बाबा पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. आळीआळीतले व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. विमानात ते कधी बसले नाहीत. ताई दर वेळी म्हणायची, "बाबा, एकदा चला ना माझ्याबरोबर. वरून आपला डोंगर केवढासा दिसतो माहितीये? पालथ्या वाटीएवढा." बाबा म्हणायचे, "मला वाटीवर चढायला आवडतं. तू बघ वरून." आणि ती निघाली की ते गच्चीवर जाऊन टॉवेल हलवायचे. तिला दिसत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. गुरुवारीही हलवला. जिना उतरून आले आणि म्हणाले, "गेली बरं का व्यवस्थित." टॉवेल अजून खांद्यावर होता, तेव्हा तो आवाज आला.

ताई आठवडाभर राहून गेली, ती भाच्याला बघायला आली होती. दिवसभर त्याला मांडीवर घेऊन बसायची. तिच्याकडे लहानपणापासूनची तिची शिट्टी होती, मंडळाचीच. थंडीत पत्रा ओठांना झोंबतो म्हणून ती रडायची, तेव्हा बाबांनी तिच्या शिट्टीच्या तोंडाला जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळून दिली होती. पुढे ती पट्टी कित्येकदा बदलली असेल, पण शिट्टी तीच. बाळाने ती धरली आणि नव्या दोन दातांनी चावायला लागलं.

"राहू दे त्याच्याकडेच," ताई म्हणाली. "आत्याची आठवण."

"नको हो, ताई. आतली गोळी सुटली तर घशात जाईल."

"अगं, तू हवामान खात्यात असतीस तर लोकांनी बारा महिने छत्र्या वापरल्या असत्या!" ती खूप हसली. मग शिट्टी पुसून तिने पर्समध्ये टाकली. "बरं, मोठा झाला की देईन."

दुपार झाली. माझा कुर्ता छातीशी ओला व्हायला लागला. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती, शरीराला तेवढंच कळतं. मी ओढणी पुढे घेतली. रांगेत ठिकठिकाणी शिट्ट्या होत होत्या आणि निशाणं लागत होती. पत्र्याचा तुकडा. खुर्चीचा पट्टा. एक पुस्तक, अगदी कोरडं, वाचता वाचता पालथं ठेवल्यासारखं. नर्सबाईंनी त्याच्याशेजारी निशाण रोवलं आणि डोळे पुसत पुढे झाल्या. चिमटा बाबांनी पाठीला खोचला होता. नजर गवतावरून सावकाश डावीकडून उजवीकडे फिरायची आणि पाऊल पडायचं.

आणि एका पावलाला ते थांबले.

त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. गाल फुगले, आवाज मात्र आला नाही. पुन्हा लावली, तरी नाही. म्हणून माझ्या गळ्यातली मी वाजवली, आणि रांग थांबली.

गवतात निळी दोरी होती. दोरीत पत्र्याची शिट्टी, आणि तोंडाला गुलाबी पट्टी.

बाबा खाली बसले. शेजारी निशाण रोवलं. निशाण सरळ लागलं.

मॅडम आल्या. वाकून बघितलं आणि दमल्यासारख्या सरळ झाल्या. "ही तर तुमच्याच मंडळाची आहे. सगळ्यांनी आपापल्या गळ्यातली बघा."

सगळ्यांच्या गळ्यात होत्या.

"मग मागे कधीतरी पडली असेल. तुम्ही दर रविवारी इथेच असता. घ्या, आजोबा, ही उचलली तरी चालेल. निशाण काढा आणि चला, ऊन उतरायच्या आत घळ संपवायची आहे."

उचलली तरी चालेल. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी हे म्हणालं होतं. बाबांचा हात पुढे गेला. पट्टीवर बारीक खळगे होते, माझ्या बाळाच्या दातांचे, मला उभ्या जागेवरून दिसत होते. उचला बाबा, मी मनात म्हणाले. कुणाला कळणार नाही. घेऊन जाऊ या घरी. उचला.

बोटं दोरीपर्यंत गेली. मग मागे आली.

"ही पडलेली नाही, मॅडम," बाबा म्हणाले. "ही माझ्या मुलीची आहे. ती विमानात होती."

मॅडमना क्षणभर कळलंच नाही. त्यांनी कप्तानकाकांकडे बघितलं. काकांनी मान खाली घातली.

"मी सकाळी विचारलं होतं, आजोबा."

"विचारलं होतंत. मी गप्प बसलो. आत्ता गप्प बसलो तर ते खोटं होईल."

"माहितीये ना, आता मला तुम्हाला रांगेत..."

"माहितीये." बाबा उठायला लागले. मी हात दिला. "पण ही इथे आहे, म्हणजे तिची पर्स इथेच कुठेतरी असेल. तिच्या आजूबाजूला बसलेलेही असतील. त्यांच्या घरचेही वाट बघतायत. निशाण काढू नका."

मॅडम खाली बसल्या. त्यांनी ते निशाण उगाचच थोडं अजून खोल दाबलं. "नाही काढत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही त्या सावलीत बसा, बाबा. गाडी बोलावते." आजोबा म्हणायचं त्या विसरल्या होत्या.

"आणि या?" त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"सून," बाबा म्हणाले. "घरी हिचं बाळ आहे. तिलाही जाऊ द्या."

आम्ही रांगेबाहेर आलो. उरलेली निशाणं बाबांनी कप्तानकाकांच्या हातात दिली. बाबांच्या शर्टाची कॉलर काकांनी नुसती नीट केली.

कातळाच्या सावलीत आम्ही बसलो. शिट्टी झाली. रांग चालायला लागली, आणि रांगेत आमच्या दोन जागा तशाच रिकाम्या राहिल्या. डावीकडे शिंपीकाका, उजवीकडे नर्सबाई, मध्ये आम्ही दोघं नसलेलो. नियमाप्रमाणे बाजूच्यांनी सरकून घ्यायचं असतं. कुणी सरकलं नाही. मॅडमनीही सरकायला सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांतलं पाणी तेव्हा कुठे खाली आलं.

बाबा उभे राहिले.

"अरे, जागा भरून घ्या!" ते ओरडले. शिट्टीतून न फुटलेला आवाज आता सगळ्या घळीत घुमला. "तेवढं बघायचं राहील ना! भरून घ्या रे!"

रांग थांबली. शिंपीकाकांनी मागे वळून बघितलं. मग ते एक पाऊल आत सरकले, नर्सबाई एक पाऊल आत आल्या, पलीकडचे सरकले, आणि जागा भरली. कुणी नव्हतंच तिथे, असं वाटायला लागलं. रांग सावकाश घळीत उतरून दिसेनाशी झाली. वर राहिलं ते गवतातलं निशाण.

बाबा बसले. त्यांनी रिकाम्या पोत्याची घडी घातली, वर चिमटा ठेवला. त्यांच्या पायाशी चॉकलेटचा एक जुना कागद पडला होता, ऊन खाऊन पांढरा झालेला. कुठल्यातरी रविवारी कुणीतरी टाकलेला. बाबांचा हात त्याच्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

मग शाळेतल्या मुलासारखे त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून घेतले, आणि गाडी येईपर्यंत त्या कागदाकडे बघत बसून राहिले.