पाखऱ्याची अंघोळ

माझा भाऊ देवराम मुरबाडच्या नाक्यावर टांगा चालवायचा. छप्पन साली त्याचा पाय मोडला, तेव्हा धाकट्या म्हादूनं लगाम हातात घेतला. हाकायला हौस भारी, पण घोडा, आमचा पाखऱ्या, धुण्याच्या नावानं बोंब. साजाखाली घाम वाळून वाळून पाखऱ्याच्या पाठीला पुळ्या आल्या.

"धू की रे त्याला," मी म्हटलं. म्हादूनं जन्मभर बैल धुतले होते. घोडा कसा धुवायचा हे बाजेवरच्या भावाला विचारावं, तर त्यात याला कमीपणा! त्यानं पाखऱ्याला बैलासारखा नदीच्या डोहात घातला आणि डोक्यावर बादली उपडी केली. कानात पाणी गेलं मात्र, घोडा दोर तोडून उधळला तो वैशाखरे गावाच्या रस्त्याला सापडला. म्हादू चिखलानं माखून घरी आला. मी पोट धरून हसले.

हसण्यासारखं तेवढंच होतं. त्यानंतर बादलीची कडी वाजली तरी पाखऱ्या थरथरायचा. पाठीवर साज टेकू देईना. देवराम भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "म्हसा गावच्या जत्रंत इकून टाका त्याला. असा सडवन्यापरीस बरा." आणि रडायलाच लागला. माझाही जीव तुटला.

देवरामची बायको ठकू चुलीपुढे बसली होती. आमच्या आळीतल्या बाळ-बाळंतिणींना तीच न्हाऊ घालायची. ती उठली आणि तिनं पाण्याचा हंडा चढवला.

"कोन बाळंत झाली गो?" मी विचारलं.

"कोन नाय, बाय. पाखऱ्याला न्हाऊ घालते."

"लाथ मारंल!"

"तान्ही पोरं काय कमी लाथा मारतात?"

दुपारच्या उन्हात तिनं त्याला अंगणात घेतलं. बादली घेतलीच नाही, मडकं आणि लोटा घेतला. तान्ह्याच्या आधी पायांवर पाणी घालतात, म्हणजे ते दचकत नाही. तिनं तसंच कोमट पाणी खुरांवर सोडलं. तोंड चालूच, "झालं हां माज्या बाबा, झालं." गुडघ्यापर्यंत ठीक चाललं. मग पाखऱ्यानं लाथ झाडली आणि मडक्याच्या खापऱ्या झाल्या. देवराम फरफटत दारापर्यंत आला होता, तो ओरडणार तोच ठकूनं हात वर करून त्याला गप्प केलं.

"दुसरं आना, बाय," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा खुरांपासून सुरुवात केली.

खांदे झाले, पोट झालं, सर्वांत शेवटी पाठ. तोंडावर पाणी ओतलंच नाही, ओल्या फडक्यानं पुसलं. पेंढ्याची मूठ वळून त्याचं अंग कोरडं केलं, पुळ्यांना खोबरेल लावलं. शेवटी सवयीनं काजळाचं बोट त्याच्या कपाळाला टेकवलं.

"धुरी ऱ्हायली, वयनी!" म्हादू फिदीफिदी हसला.

"ती तुमाला देते, भावजी. तुमचा चिखलाचा वास अजून जात नाय."

मग ते रोजचंच झालं. जत्रा येईपर्यंत पुळ्या सुकल्या. जत्रेच्या सकाळी ठकूनं साज आणला. पाखऱ्या मान खाली घालून उभा राहिला.

"नेताव ना इकायला?" देवराम हळूच म्हणाला.

"इकायला कशाला? जत्रंला मानसं न्यायला."

"आनी हाकनार कोन?"

"मी. तुमी मागं बसून सांगा कसं हाकायचं ते. मला इचारायला लाज नाय वाटत."

म्हादूनं मान खाली घातली आणि भावाला उचलून टांग्यात बसवलं. पहिली सवारी मीच. वाटेतली माणसं लगाम धरलेल्या ठकूकडे वळून वळून बघत होती. तिला वेळ कुठे होता त्यांच्याकडे बघायला!

म्हशाला पोचतो न पोचतो तोच एका व्यापाऱ्यानं दात बघायला पाखऱ्याच्या तोंडाला हात घातला.

"हात काढ!" देवराम मागून केवढ्यांदा ओरडला. "तो इकायचा नाय!"

ठकूनं मागे वळून पाहिलं नाही. पण मी शेजारीच होते, मला तिचे डोळे दिसले. तिनं पदरानं ते पुसले आणि ती ओरडली, "मुरबाड! मुरबाडला कोन येतंय?"