जपून ठेवलेल्या टायरचे अठरा किलोमीटर

मी टायर बोलतोय. स्कूटरचा. खरं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण माझी हकिगत ऐकून एखाद्या घरातलं कपाट उघडलं जाईल, म्हणून बोलतो.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली, अशोक विजयादशमीच्या दिवशी, धम्मदीप ओव्हाळ यांनी मला नाना पेठेतून कर्वेनगरला घरी आणलं. ते पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांच्या स्कूटरचा मागचा टायर गुळगुळीत झाला होता, त्या जागी मी लागणार होतो. मला रस्ता बघायची केवढी घाई! पण घरी आल्यावर त्यांनी जुन्या टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अजून सहा महिने सहज जाईल. नवा जपून ठेवू, वेळेला उपयोगी पडेल."

झालं. मला रिमवर चढवून, हवा भरून सीटमागे स्टेपनी म्हणून अडकवलं, वर प्लॅस्टिकचं आवरण. ते सहा महिने कधी संपलेच नाहीत. मागचा टायर झिजला की ते रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्यावरच नवं रबर चढवलेला बसवत, मला हात लावत नसत. बाहेर नवनवीन गाड्या आल्या, चौकाचौकात कम्प्यूटरचे क्लास निघाले, आणि मी त्याच रस्त्यांवरून स्कूटरच्या पाठीवर बसून हिंडलो. उन्हाने माझं अंग कडक झालं. वाट बघण्यानेही दमायला होतं, हे तुम्हा माणसांना सांगायला नको.

माणसांनाही ते असंच जपत. मुलगी सोनाली इंजिनियर झाली, दोन हजार एक साली तिला बंगळूरची नोकरी आली. धम्मदीप म्हणाले, "घाई काय आहे? पुण्यातच बघू काहीतरी." पोरीने मान डोलावली आणि वर्षभर घरात बसली. मला फार वाईट वाटलं. तिचं काय होतंय, ते माझ्याइतकं कोणाला कळणार?

पुढच्या वर्षी हिंजवडीच्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरली. नऊला पोचायचं होतं. सकाळी खाली येऊन बघतात तर मागचं चाक बसलेलं.

"बाबा, मी रिक्षाने जाते."

"अगं, दहा मिनिटांचं काम. नवा टायर आहे आपल्याकडे!" आठ वर्षांनी ते अभिमानाने बोलले.

"आधी त्यातली हवा बघा ना."

"नव्या टायरची हवा कुठे जातेय?"

सोनालीने हँडल धरून स्कूटर कलती केली. त्यांनी पान्याने चारही नट काढले, मला बसवलं, घामाघूम होऊन नट आवळले. स्कूटर सरळ केली आणि मी जमिनीवर सपाट बसलो. लाजेने मेल्यासारखं झालं मला. माझी हवा कधीच निघून गेली होती, तपासली कोणी होती?

वरच्या मजल्यावरचे शेजारी तात्याराव गॅलरीतून सगळं बघत होते. "ओव्हाळ, टायर जपलात, हवा जपायची राहिली वाटतं." मग सायकलचा पंप घेऊन खाली आले. "आठवणीने परत द्या."

इस्त्रीच्या कपड्यांत सोनालीनेच पंप मारला, हात भरून येईपर्यंत.

आणि मी निघालो. रस्ता! पहिल्या खड्ड्यालाच माझ्या कडा तडकल्या, पण मी कण्हलो नाही. चांदणी चौकाचा चढ चढलो, हायवेला लागलो. पोरीला पोचवल्याशिवाय फुटायचं नाही, एवढंच मनात. नऊला पाच कमी असताना ती कंपनीच्या फाटकातून आत गेली.

समोरच्या पंक्चरवाल्याने मला वाकून बघितलं. माझ्या कुशीला फुगवटा आला होता.

"काका, ह्यो टायर गेला."

"गेला? अहो, नवा आहे!"

"नवा न्हाय, काका. न वापरलेला हाय."

धम्मदीप बराच वेळ माझ्या भेगांवरून अंगठा फिरवत बसले.

संध्याकाळी सोनाली बाहेर आली. चेहऱ्यावर आनंद, पण आवाज दबका. "बाबा, घेतलं मला. पण बंगळूरला. सोमवारी हजर व्हायचंय. नको असेल तर..."

"सोमवारी ना? मग रविवारच्या गाडीत जागा मिळतेय का बघू." डोळे पुसत ते तिच्यावरच खेकसले, "बघतेस काय? बस मागे."

ती यायच्या आधीच त्यांनी नवा टायर घेतला होता आणि थेट मागच्या चाकाला बसवून घेतला होता.

मी इथेच राहिलो, पंक्चरच्या दुकानामागच्या ढिगात. आठ वर्षांत अठरा किलोमीटर. फार दमलोय, आता मला पडून राहू द्या. माझी कीव करू नका. पण तुमच्या दारात कोणी 'जाऊ का?' विचारत उभं असेल, तर त्याला जाऊ द्या.