घोंगड्यांच्या खुंट्या

आमच्या गावच्या थेटराला एकशे चाळीस वर्षं झाली आणि गावाला एकाएकी त्याची लाज वाटू लागली. तिथं पिढ्यान् पिढ्या तमाशाच झाला; पण स्मरणिकेत तसं छापायचं कसं? इतिहास लिहायला मला धरलं, कारण मी निवृत्त मास्तर, म्हणजे हक्काचा रिकामटेकडा.

रंगकामासाठी मागच्या दाराजवळची भिंत खरवडली, तर ओळीनं सागवानी खुंट्या निघाल्या. प्रत्येकीखाली एकेक आडनाव कोरलेलं. गावातली भली माणसं मागच्या बोळातून घोंगडी तोंडावर ओढून यायची आणि आत आली की ती आपापल्या खुंटीला टांगून पुढं बसायची.

थेटराच्या समितीचे अध्यक्ष राधाकृष्णराव. त्यांचं आडनाव पहिल्याच खुंटीखाली होतं.

"हे भजनगृह हुतं, गुरुजी," ते म्हणाले.

"मग घोंगडी तोंडावर कशाला?"

"तवा थंडी काय कमी हुती?"

झालं. उरलेली घराणीही भजनी ठरली. ज्यांची खुंटी निघाली नाही ते रुसले. आमचा पणजा काय घरी झोपला होता का, म्हणून भांडायला आले. त्यांच्यासाठी सुताराकडून चार खुंट्या नव्यानं करून घेतल्या आणि त्यांना काजळी फासली.

भीमाबाई मात्र एकच मागत होत्या. त्यांची पणजी साळूबाई याच थेटरात वीस वर्षं नाचली. दारावर लागणाऱ्या नव्या लाकडी पाटीवर तिचं नाव यावं. मी शब्द दिला होता. बैठकीत भीतभीत विषय काढला, तर राधाकृष्णराव लगेच कबूल झाले. मला केवढा आनंद झाला!

पाटीच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भीमाबाईंना पाटी दाखवायला नेलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचू लागलो. वर 'भजनगृह', खाली सोळा घराणी आणि सगळ्यात शेवटी 'भजनसेविका साळूबाई'.

"माजी पणजी उघड्या तोंडानं नाचली, गुरुजी," त्या म्हणाल्या. "तिला भजनाचं एक कडवं येत न्हवतं."

"नाव तर लागलं ना, भीमाबाई?" मी म्हणालो. माझं मलाच ते पटलं नाही.

"तेवडं खोडा. तोंड झाकून येनाऱ्यांच्या रांगंत तिला नका बशवू."

सुताराला बोलावून मी ते नाव तासून घेतलं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन झालं. सोळाही घराण्यांनी पाटीवर आपापलं आडनाव शोधलं, पाटीपुढं फोटो काढले. एक नाव कमी झालंय, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.