इंजिनघरातल्या झोळ्या

घेवरचंद शेठ पाणीसुद्धा गाळून, उकळून पिणारा. धंद्यातही तसाच. कारंज्यातल्या आपल्या जिनिंग कारखान्यातलं तेलाचं जुनं इंजिन काढून विजेची मोटर बसवायची, असं त्यानं चौऱ्याहत्तर साली ठरवलं आणि कापसाचा हंगाम संपता संपता, फाल्गुनातच, बबनराव मिस्त्रीला फर्मावलं, "इंजिन बंद झालं त कोणाचं काय अडते, ते पयले पाह्य. मंग मोटरीचं बोल."

मी तेव्हा तिथं वजनकाट्यावर होतो. बबनराव कामाला चोख. सगळीकडे विचारत हिंडला. विहिरीचा पंप इंजिनावर चालत होता, त्याला वेगळी मोटर आली. भोंगाही विजेचा मागवला. वीज गेली तर काय, म्हणून जुनं इंजिन विकायचं नाही असं ठरलं. एवढी तयारी लोक पोरीच्या लग्नातही करत नाहीत. फक्त यंत्रात कापूस टाकणाऱ्या बायांपाशी तो थांबला नाही. बायांचं इंजिनाशी काय काम, असं त्याला वाटलं. आणि असं वाटायला अक्कल लागत नाही.

बायांचं काम होतं. इंजिनघराच्या तुळईला त्यांच्या लेकरांच्या झोळ्या बांधलेल्या असत. आत लेकरं आणायला बंदी होती, पण इंजिनवाला म्हातारा जगदेव डोळेझाक करी. इंजिनाची धडधड सुरू झाली की लेकरं झोपत. कोणी रडलंच तर जगदेव झोका देई आणि बाईला खूण करी. ती येऊन पाजून जाई. बबनरावानं जगदेवलाही विचारलं होतं. त्यानं पंप सांगितला, भोंगा सांगितला, झोळ्यांचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बाया त्याच दिवशी घरी बसल्या असत्या.

त्या बायांतल्या रंगूबाईला तेव्हा दिवस गेलेले. पुढच्या हंगामात झोळी तिचीच लागणार होती. "शेठले सांगावं काय?" तिनं जगदेवला विचारलं.

"चुप राह्य," तो म्हणाला. "मोटर आली तरी खोली कुठं जाते?"

खोली गेली नाही. दिवाळीनंतर काम सुरू झालं तेव्हा तिच्यात विजेचे बोर्ड होते, दाराला कुलूप होतं आणि वर कवटीचं चित्र. जगदेव फाटकावर बसवला गेला. मोटर पहिल्याच दिवशी बिनतक्रार चालली. शेठनं पेढे वाटले, मीही खाल्ले.

रंगूबाईचा पोरगा चार महिन्यांचा. नवऱ्याच्या एकट्याच्या हमालीत भागत नव्हतं, म्हणून पोर तिनं सासूपाशी, गोजराबाईपाशी ठेवलं. ते वरचं दूध घेईना, दिवसभर रडे. शेवटी वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय आला: अफूचा कण. रंगूबाईचं मन धजत नव्हतं. पण हे काम सुटलं तर दुसरं मिळणार नव्हतं. एका सकाळी ती पोराला कण चाटवून निघाली. सासू पाण्याला गेली होती, तिला सांगायचं राहिलं. पोर कुरकुरलं म्हणून सासूनंही चाटवला, मायेनंच. रंगूबाई कामावरून परतली तेव्हा गोजराबाई पोराला मांडीवर घेऊन बसली होती.

"आज मोठा शाण्यावानी निजला," ती म्हणाली. पोर गार पडलं होतं.

शेठला कळलं तेव्हा तो हादरला. मुंगीला जपणारा माणूस. त्यानं रंगूबाईला बोलावलं. "बाई, झोळ्यांचं काहून नाई सांगतलं?"

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "सांगतलं असतं त मले कामावर ठेवलं असतं काय तुमी?"

शेठला खोटं बोलवेना.

आठ दिवसांत सरकीच्या गोदामाशेजारी झोळ्यांसाठी शेड उभी राहिली. लागलं काय, तर चार बल्ल्या आणि वर पत्रे. त्या शेडचा मला राग येतो, अजून येतो. इतकं सोपं होतं ते.

रंगूबाईला त्याच सुमारास पुन्हा कामावर यावं लागलं. दुपारची सुट्टी झाली तशा बाया शेडकडे धावल्या. तीही त्यांच्याबरोबर उठली, हात झटकले, पदर सावरत अर्ध्या वाटेवर गेली. दूध अजून आटलं नव्हतं, लुगडं छातीशी ओलं झालं होतं. मग ती थांबली. परत जागेवर आली आणि कापूस टाकू लागली. मोटर बंद होती. ती बंद यंत्रात कापूस टाकत राहिली, आणि तिला थांब म्हणायला आमच्यातलं कोणी पुढं झालं नाही.