आरतीआधीची तपासणी

मित्रांनो, मी बीपी मोजण्याचा एक जुना, पाऱ्याचा डबा आहे. कारखान्यात माझ्या काचेच्या नळीवर रेघा ओढल्या, तेव्हाच माझा धर्म ठरला : जे असेल तेच दाखवायचं. घाटकोपरच्या एका प्रसूतिगृहात कितीतरी गरोदर बायांच्या दंडाला माझा पट्टा बांधला गेला. "हा डबा कुणाची भीड धरत नाही," असं क्षमासिस्टर कौतुकाने म्हणायच्या.

एका वर्षी जवळच्या चाळीतली रुचिरा सहाव्या महिन्याच्या तपासणीला आलीच नाही. चाळीजवळच्या दत्तमंदिरात सप्ताह होता. सिस्टरांनी मला पिशवीत घातलं आणि थेट मंदिर गाठलं. कीर्तनाचा पूर्वरंग संपून बुवांना हार-बुक्का लावणं चाललं होतं. रुचिरा कपाळ दाबत बसली होती, चेहरा सुजलेला.

"काय गं, तारीख विसरलीस?"

"सप्ताह झाला की येते ना, सिस्टर. जरा डोकंच दुखतंय."

"गर्दीचा उकाडा तो," तिच्या सासूबाई, सुगंधाकाकी म्हणाल्या. "माझी तीन पोरं गावात झाली, कोणी पट्टे बांधले नव्हते!"

"काकी, दोन मिनिटं. तबलेवाले, हात थांबवा जरा!"

तबला थांबला. पट्टा फुगला, पारा चढला. तो उतरू लागला आणि नको तेवढ्या उंचीवरच ठोका ऐकू आला. मी तेच दाखवलं.

"रुचिरा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. तुला आणि बाळाला, दोघांना धोका आहे."

काकी गडबडल्या. "आरतीआधी कीर्तनातून उठू नये हो. पोटुशीने असला दोष कसा घ्यायचा?"

बुवा ऐकत होते. त्यांनी हार उतरवला. "मग आरती आत्ताच! उत्तररंग मागाहून सांगेन. काकी, देव कुठे पळत नाही, तुम्ही सुनेला पळवा."

सगळा मंडप उभा राहिला. रुचिराने निरांजनावरून फिरवलेले हात डोळ्यांना लावले आणि ती निघाली. बाहेर काकीच ओरडत होत्या, "रिक्षावाल्या, खड्डे चुकव रे बाबा!"

गोळ्या वेळेत सुरू झाल्या. पुढे रक्त, साखर, सोनोग्राफी, रुचिराने एकही तारीख चुकवली नाही. "आधी पट्टा, मग पंगत," असं काकीच बजावायच्या. पुढच्या वर्षीच्या सप्ताहात त्यांच्या मांडीवर नात टाळ ओढत बसली होती.

आता बॅटरीची यंत्रं आली, मी कपाटात आहे. मला विसरलात तरी चालेल, मित्रांनो. पण घरात बाळ येणार असेल, तर त्या आईला विचारा, "तपासणी झाली का?" ती म्हणाली, "सप्ताह झाल्यावर बघू," तर हट्ट धरा. आरती आधी उरका, पण तिला पाठवाच.