बारा तारखेचे दिवे

आता हे सांगितलं तर कुणी खरं मानणार नाही, पण नारायणगावात सुभाषचंद शेठनी चार मजल्यांचं असं व्यापारी संकुल बांधलं, की त्यातले नऊशे दिवे एकमेकांच्या कानाला लागतात. निरोपाला वायर नाही, तो रेडिओसारखा हवेतून जातो. खाली बटण दाबलं की एक दिवा दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पापणी लवायच्या आत चौथा मजला उजळतो.

दिवे बसवले चांगदेवनं. आणि आज तो असा तापला होता, की डोक्यावर किटली ठेवली असती तर गावाला चहा झाला असता. तळमजल्यावर टोमॅटोचे क्रेट छताला भिडले की वरचे दिवे बहिरे व्हायचे. दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबानं अहवालात लिहिलं होतं, भरल्या मालात चाचणी घेतली तेव्हा यंत्रणा पास. मागाहून बिघडली ती बसवणाऱ्याच्या कच्च्या कामानं. त्यावर शेठची सही झाली, की घाटघरपासून निमगाव साव्यापर्यंत चांगदेवला कुणी बल्ब बदलायलाही बोलावणार नव्हतं.

टोमॅटोत पाणी असतं, ते निरोप गिळतं, हे त्यानं साहेबाला दोनदा समजावलं होतं. साहेब हसला होता.

चाचणी नक्की कधी घेतली, जिन्यापाशी अहवाल हातात धरून शेठनी साहेबाला विचारलं.

"बारा तारखेला, अकरा ते चार. खाली क्रेट गच्च. हजार वेळा बटण दाबलं, नऊशे नव्व्याण्णव वेळा वरचे दिवे लागले."

"हजार येळा? राव, बोटाचा घट्टा तरी दाखवा," चांगदेव गुरगुरला. पण त्या दिवशी तो घाटघरला कामावर होता. थाप आहे हे कळत होतं, पुरावा कुठून आणणार? शेठनी पेनाचं टोपण काढलं.

जिना पुसणारी लंकाबाई फडकं पिळता पिळता थांबली.

"बारा तारीख म्हंजी माजा गुरुवारचा उपास," ती म्हणाली. "शेठ, गुरुवारी तारांच्या दुरुस्तीला दिसभर लाइट नव्हती. जनरेटर तुमी अजून घेतला न्हाई. मोटर बंद म्हणून उपाशीपोटी चार मजले बादल्या वाहिल्या म्या. सायेब, तुमचे दिवे पेटले कशावर?"