सैल गाठ

कंबर आवळून धरणाऱ्या कॉर्सेटची नाडी पाठीवर असते, ती स्वतःची स्वतःला बांधता येत नाही. त्यामुळे बाईच्या वेशात स्टेजवर उतरणाऱ्या पुरुषांच्या विभागीय ड्रॅग क्वीन स्पर्धेच्या अंतिम फेरीआधी बिजलीला, म्हणजे दिवसा वायरमन असणाऱ्या बिजलीला, पाठ द्यावी लागली ती नेमकी महाराणीकडे. महाराणी दिवसा दवाखान्यात कंपाउंडर होती आणि फेरीत उरलेली एकटीच प्रतिस्पर्धी.

"अजून आवळ," बिजली म्हणाली.

"अगं, जीव जाईल तुझा."

हिला माझी एवढी काळजी? बिजलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. "आवळ म्हणते ना." आरशातून ती महाराणीच्या बोटांवरून नजर हटवेना. कारण दहा मिनिटांपूर्वी महाराणीची गाठ तिनेच मारली होती, आणि भर स्टेजवर कंबर ढिली पडावी म्हणून मुद्दाम सैल ठेवली होती.

गाण्याच्या फेरीत बिजलीला धड श्वास घेता येईना. दुसऱ्याच ओळीला तिचा आवाज चिरकला. महाराणी मात्र छाती भरून गायली आणि मुकुट घेऊन गेली.

मग येऊन तिने बिजलीला मिठी मारली. "तुझ्या हाताला गुण आहे गं. बाकीच्या मेल्या दात-ओठ खाऊन आवळतात. पुढच्या वर्षीही तूच बांध."

हे आभार होते की टोमणा, ते बिजलीला अजून कळलेलं नाही.